ग्रंथालयाचं फाटक आणि एक हजारावर अडलेली यादी

लातूरला मुख्यालय असलेली एक शिक्षणसंस्था. महाविद्यालयं लातूर, उदगीर, नांदेड आणि अंबाजोगाईला. विद्यार्थ्यांची सगळी खाती एकाच ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खाते-नोंदवहीत: लॅबमधला संगणक, वाय-फाय, ग्रंथालय, सगळीकडे एकच नाव नि एकच पासवर्ड. ती सांभाळणारे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, दोन: एक लातूरला आणि दुसरा नांदेडला. शिकत असलेले आणि नुकतेच बाहेर पडलेले धरून खाती साडेनऊ हजारांच्या घरात.

लातूरच्या ग्रंथालयाच्या आणि त्याला लागून असलेल्या अभ्यासिकेच्या दाराशी कार्ड टेकवून उघडणारं फाटक आहे. हे फाटक डिरेक्टरीला थेट काही विचारत नाही. त्याची स्वतःची यादी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असते आणि रोज रात्री पीएचपी भाषेतला एक प्रोग्राम डिरेक्टरीतून विद्यार्थी आणून ती ताजी करतो. नियम साधा. यादीत नवा दिसला की कार्ड चालू. कालपर्यंत होता आणि आज यादीत नाही, तर कार्ड बंद. नियमाचा दुसरा अर्धा भाग ग्रंथपाल मॅडमनी मुद्दाम मागून घेतला होता, कारण प्रवेश रद्द केलेली मुलं जुन्या कार्डावर अभ्यासिकेत जागा अडवून बसायची. मागणी रास्तच होती.

ऐन परीक्षेच्या हंगामात एका सोमवारी सकाळी फाटकाने बहुतेकांना आत घेणं बंद केलं. "सर, शनिवारपर्यंत चालत होतं, आज कार्डच घेईना झालंय," हे रांगेतला जो तो सांगत होता. पहिला संशय फाटकाच्या रीडरवर गेला. फाटकवाल्यांचा माणूस लॅपटॉप घेऊन आला, रीडर बदलून पाहिला, हात झटकून गेला. मग नेटवर्कवर संशय. तोवर शिपाईमामांनी फाटक हाताने उघडं ठेवून दाराशी रजिस्टर मांडलं होतं.

दुपारी लॅबच्या सरांनी 'एकदा सिंक परत चालवून बघू' म्हणून तोच प्रोग्राम हाताने चालवला, आणि गुंता वाढला. सकाळी ज्यांची कार्डं चालत होती त्यातल्या काहींची बंद पडली. सकाळी बंद असलेल्यांतली काही आपोआप चालू झाली. एवढ्यावर व्हायरसची अफवा उठायला वेळ लागत नाही.

मला फोन आला तेव्हा मी आधी एवढंच विचारलं: फाटकाच्या डेटाबेसमध्ये विद्यार्थ्यांची चालू कार्डं किती? उत्तर आलं, "बरोबर एक हजार. सकाळी पण हजारच होती." बिघाडातून उरलेला आकडा ९८७ असतो, १०४३ असतो. गोल हजार निघाला की तो कुणीतरी कुठेतरी ठरवून ठेवलेला असतो.

हजार येतात कुठून

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एलडॅपसाठी, म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीसाठी, काही मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. त्यातली 'मॅक्स पेज साइझ' मूळ सेटिंगमध्ये १००० असते. एका शोधाच्या एका उत्तरात याहून जास्त नोंदी मिळत नाहीत, आणि प्रशासकाच्या खात्याने विचारलं म्हणून यात सूट नसते. शेजारीच 'मॅक्स क्वेरी ड्युरेशन' असते, १२० सेकंदांची. कुणी एका आळशी शोधाने सगळी डिरेक्टरी उपसायला घेतली आणि त्याच वेळी शेकडो मुलं लॅबमध्ये लॉगिन करत असली, तर सर्व्हरने कुणाकडे बघायचं, हा प्रश्न या मर्यादा सोडवतात.

मर्यादा आली की सर्व्हर गुपचूप थांबतो असं मात्र नाही. तो हजार नोंदी पाठवतो आणि शेवटी निकालाचा कोड ४ पाठवतो: 'साइझ लिमिट एक्सीडेड'. हा कोड एलडॅपच्या मानकातच आहे, २००६ च्या आरएफसी ४५११ या मानक-दस्तऐवजात. म्हणजे 'हे उत्तर अर्धवट आहे' असं सर्व्हर सांगून मोकळा होतो. ते आपल्या कोडच्या कानावर पडतं का, हे कोणती लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरली त्यावर ठरतं, आणि इथे प्रत्येकीची तऱ्हा वेगळी आहे.

जावाच्या जेएनडीआयमध्ये हजार नोंदी वाचून झाल्यावर पुढची मागितली की एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रामला अडवणारी चूक, येतं. पायथॉन-एलडॅपमध्ये साधा शोध केला तर थेट एक्सेप्शनच. पायथॉनचीच दुसरी लायब्ररी, एलडॅप३, मूळ सेटिंगमध्ये एक्सेप्शन उडवत नाही. कनेक्शनवरचा निकाल आपणहून उघडून बघावा लागतो. डॉटनेटचा 'डिरेक्टरी सर्चर' सगळ्यांत शांत. पेजसाइझ शून्यावर सोडली, आणि मुळात ती शून्यच असते, तर तो हजार नोंदी हातात ठेवतो आणि तक्रारीचा शब्द काढत नाही. पीएचपी या सगळ्यांच्या मधोमध उभी आहे. 'एलडॅप_सर्च' हजार नोंदींचा निकाल परत देतं आणि सोबत एक वॉर्निंग टाकतं की निकाल अर्धवट आहे.

या प्रोग्राममध्ये त्या फंक्शनच्या आधी '@' हे चिन्ह होतं. पीएचपीत त्याचा अर्थ: वॉर्निंग दाखवू नकोस. ज्याने घातलं त्याने वाईट हेतूने घातलं नसणार. कधीतरी पानावर भलत्याच ओळी उमटल्या असतील आणि कुणीतरी 'हे आधी घालव' म्हटलं असेल. पण त्या चिन्हामुळे सर्व्हरचं ते एकमेव वाक्य वाटेतच गिळलं गेलं.

शनिवारपर्यंत मग कसं चालत होतं?

हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. प्रोग्राम काही वर्षं जुना होता आणि विद्यार्थी पहिल्या दिवसापासून हजारांहून जास्त होते. त्याच्या जुन्या प्रती काढून पाहिल्यावर उत्तर मिळालं. मूळ लिहिणाऱ्याने पानापानाने नोंदी आणण्याची व्यवस्था केलेली होती, 'एलडॅप_कंट्रोल_पेज्ड_रिझल्ट' हे फंक्शन वापरून. काम नीट केलेलं होतं. पण हे फंक्शन पीएचपी ७.४ मध्ये कालबाह्य ठरवलं गेलं आणि ८.० मध्ये काढूनच टाकलं.

त्या रविवारी सर्व्हरवर पीएचपीची नवी आवृत्ती चढवली गेली होती. प्रोग्राम चालवला, तर 'असं फंक्शनच नाही' म्हणून तो जागीच थांबला. देखभाल करणाऱ्याने ज्या ओळींवर अडलं त्या टिप्पणीत टाकल्या, म्हणजे चालणार नाहीत अशा केल्या. प्रोग्राम पुन्हा चालवला, शेवटपर्यंत गेला, लाल अक्षरं कुठेही नाहीत. चाचणीचा सर्व्हर म्हणून जी छोटी डिरेक्टरी होती तिच्यात दोन-तीनशे खाती होती, तिथेही सगळं व्यवस्थित. रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाने, तो आपल्या वेळेला चालवला.

अशा दुरुस्तीत खरा धोका हा की ती यशस्वी होते. फंक्शन सापडत नाही म्हणून प्रोग्राम मेला असता तर सोमवारी फाटक आदल्या दिवशीच्या यादीवर चालत राहिलं असतं आणि कुणाला काही कळलंही नसतं.

आता तो कार्ड बंद करणारा नियम परत पाहा. यादीत नाही म्हणजे कॉलेजात नाही, हे तेव्हाच खरं जेव्हा यादी पूर्ण असेल. अर्धवट यादीवर तो नियम चालवणं म्हणजे हजेरीपटाचं पहिलंच पान वाचून बाकी सगळा वर्ग गैरहजर मांडणं. यादी फक्त दाखवण्यापुरती असती, म्हणजे शोधाच्या खिडकीत नावं दिसायची एवढाच उपयोग असता, तर हजारांची मर्यादा त्रासदायक ठरली असती, घातक नव्हे. घातकपणा सर्व्हरच्या मर्यादेत नव्हता. अनुपस्थितीवरून निर्णय घेणाऱ्या चार ओळींत होता.

दुपारची अदलाबदल

दुपारी कार्डं का बदलली? एलडॅपच्या शोधात क्रम मागितला नसेल तर क्रमाची हमी नसते. प्रत्येक डोमेन कंट्रोलरची स्वतःची डेटाबेस फाइल असते आणि तिच्यात नोंदींचे आतले क्रमांक त्या-त्या सर्व्हरपुरतेच असतात. माहिती दोन्हीकडे तीच, पण मांडणी वेगळी. रात्रीचा शोध लातूरच्या कंट्रोलरने उत्तरला होता, दुपारचा नांदेडच्या, कारण प्रोग्राममध्ये सर्व्हरच्या जागी नुसतं डोमेनचं नाव लिहिलेलं होतं आणि ते दोघांपैकी कुणाकडेही जाऊ शकतं. दोघांनी आपापल्या क्रमातले पहिले हजार दिले.

त्यामुळे वाचलेल्या हजारांत गेल्या वर्षी पास होऊन पुण्याला गेलेली मुलं बरीच होती आणि प्रथम वर्षाची जवळजवळ नव्हती. जुनी खाती आधी तयार झालेली, म्हणून पुढे. फाटक ज्यांना उघडत होतं त्यातले कितीतरी जण लातुरातच नव्हते.

नाकारलेले दोन उपाय

कार्यालयात पहिली सूचना आली ती अशी: हजाराचे वीस हजार करून टाका, प्रश्न मिटला. हे करता येतं. 'एनटीडीएसयुटिल' नावाच्या साधनातून ती मर्यादा बदलते. पण ती एका प्रोग्रामसाठी बदलत नाही, ते धोरण सगळ्या कंट्रोलरना आणि त्यांना विचारणाऱ्या सगळ्या प्रोग्रामना लागू होतं. शिवाय विंडोज सर्व्हरच्या २००८ नंतरच्या आवृत्त्यांत वीस हजारांच्या वर सेटिंगमध्ये काहीही लिहिलं तरी सर्व्हर वीस हजारच धरतो. म्हणजे आज साडेनऊ हजारांवर भागेल, आणि संस्थेने आणखी दोन महाविद्यालयं चालवायला घेतली की कुणीतरी पुन्हा फाटकाशी रजिस्टर मांडेल.

दुसरी सूचना जुन्या प्रोग्रामरांची आवडती: आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून तुकडे पाडा, इंग्रजी ए पासून झेड पर्यंत सव्वीस शोध. पुस्तकातल्या उदाहरणात हे छान चालतं. मराठवाड्यातल्या यादीवर चालवून पाहा. 'एस'खाली शिंदे, सूर्यवंशी, सोनवणे, साळवे, शेख, सय्यद. 'के'खाली कांबळे, कदम, काळे, केंद्रे, कुलकर्णी, खान. ही दोन अक्षरं हजाराच्या पुढे सहज जातात आणि पुन्हा तेच. मग दोन अक्षरांचे तुकडे करा, तर 'एसएच'मध्ये शिंदे आणि शेख एकत्र येतातच. त्याहून वाईट म्हणजे ज्यांच्या आडनावाची चौकटच रिकामी आहे ती मुलं सव्वीसपैकी एकाही शोधात येत नाहीत. या डिरेक्टरीत अशी खाती होती; प्रवेश अर्जावर नाव एकाच रकान्यात भरलेलं आणि तसंच आयात झालेलं.

नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीवरून तुकडे पाडायचे, तर लातूर, उदगीर, नांदेडची मुलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची आणि अंबाजोगाईची डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. दोघांच्या क्रमांकाची धाटणी वेगळी. तुकडे पाडणारा कोड लिहिता येईल, पण तो विद्यापीठांच्या परिपत्रकांवर नजर ठेवून जगवावा लागेल.

पानं आणि कुकी

यावरचा नीट मार्ग १९९९ पासून उपलब्ध आहे. आरएफसी २६९६, मायक्रोसॉफ्ट आणि नेटस्केपमधल्या मंडळींनी लिहिलेली. तिच्यात शोधाला एक 'कंट्रोल' जोडायचं सांगितलं आहे, क्रमांक १.२.८४०.११३५५६.१.४.३१९. त्यात दोनच गोष्टी असतात: एका पानावर किती नोंदी हव्यात, आणि कुकी. पहिल्या वेळी कुकी रिकामी पाठवायची. सर्व्हर एक पान देतो आणि आपली कुकी परत करतो. पुढचं पान मागताना तीच कुकी जशीच्या तशी द्यायची. कुकी रिकामी आली की यादी संपली. कुकीच्या आत काय आहे हे आपण बघायचं नसतं, तो सर्व्हरचा खासगी मामला आहे.

पीएचपी ७.३ पासून 'एलडॅप_सर्च'लाच कंट्रोलांची यादी देता येते आणि उत्तरातली कंट्रोलं 'एलडॅप_पार्स_रिझल्ट'मधून काढता येतात. काढून टाकलेल्या फंक्शनची जागा यांनी घेतली. नव्या कोडचा सांगाडा असा:

कुकी = रिकामी
फिरत राहा:
　　निकाल = शोध(पाया, फिल्टर, हवे तेवढेच गुणधर्म, पान = ५००, कुकी, अत्यावश्यक = होय)
　　कोड आणि नवी कुकी निकालातून काढा
　　कोड शून्य नसेल तर: सगळं टाकून द्या, थांबा, कळवा
　　नोंदी तात्पुरत्या तक्त्यात लिहा
　　कुकी = नवी कुकी
　　कुकी रिकामी असेल तर बाहेर पडा

यातल्या काही शब्दांवर थोडं थांबतो. 'अत्यावश्यक = होय' हे विसरलं जातं. ते 'नाही' ठेवलं आणि सर्व्हरला हे कंट्रोल कळत नसेल, तर तो त्याकडे दुर्लक्ष करून साधा शोध करतो, म्हणजे पुन्हा अर्धवट यादीचा धोका. 'होय' असेल तर तो स्पष्ट नकार देतो. नकार परवडतो.

पान ५०० चं का? हजारापर्यंत काहीही चाललं असतं. ५००० मागितले तरी ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका पानावर आपल्या मर्यादेएवढेच, म्हणजे हजारच, देते आणि कुकी हातात ठेवते. कुकीवर चालणारा कोड तेव्हाही बरोबर राहतो. 'आलेल्या नोंदी मागितलेल्यापेक्षा कमी, म्हणजे हे शेवटचं पान' असा अंदाज बांधणारा कोड मात्र पहिल्याच पानावर खूश होऊन थांबतो. असा कोड मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला आहे.

'हवे तेवढेच गुणधर्म' ही नांदेडच्या लाइनची गरज. जुना प्रोग्राम गुणधर्मांची यादी देतच नव्हता, त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याचं सगळंच यायचं, छोट्या फोटोसकट. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तो फोटो १०० केबीपर्यंत असू शकतो. फाटकाला नाव, नोंदणी क्रमांक, खात्याची स्थिती आणि ऑब्जेक्ट-जीयूआयडी (खात्याचा कायमचा क्रमांक) पुरते. शेवटचा हवाच, कारण लग्नानंतर किंवा राजपत्रात नाव बदलून घेतल्यावर खात्याचं नाव बदलतं, जीयूआयडी बदलत नाही.

एकूण किती नोंदी आहेत हे आधी विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. कंट्रोलच्या उत्तरात एकूण अंदाजाची जागा असते, पण मानकाने सर्व्हरला तिथे शून्य टाकायची मुभा दिली आहे. इथे शून्यच आलं.

गटाच्या वाटेने गेलं तरी

दरम्यान प्रोग्राम लिहून देणाऱ्यांकडून वेगळी दुरुस्ती आली होती: सगळे विद्यार्थी शोधण्याऐवजी 'ग्रंथालय' नावाच्या एका गटाचे सदस्य वाचायचे. गट म्हणजे एकच नोंद, मग हजाराची मर्यादा येईलच कशी?

चालवल्यावर सदस्य शून्य. मर्यादा येते, फक्त दुसरी. 'मॅक्स व्हॅल रेंज': एका नोंदीतल्या एका गुणधर्माची किती मूल्यं एका वेळी द्यायची. विंडोज २००० मध्ये ही १००० होती, सर्व्हर २००३ पासून १५०० आहे. आणि ती गाठली की सर्व्हर गुणधर्माचं नावच बदलून देतो. 'मेंबर' रिकामा येतो आणि शेजारी 'मेंबर;रेंज=०-१४९९' या नावाने पंधराशे मूल्यं येतात. पुढची हवी असतील तर 'मेंबर;रेंज=१५००-*' असं मागायचं, आणि परत आलेल्या नावात शेवटी तारा दिसेपर्यंत असंच पुढे जायचं. कोड 'मेंबर' या नावाने वाचत होता, म्हणून त्याला शून्य दिसलं. ही दुरुस्ती तशीच रात्री क्रॉनला लागली असती तर मंगळवारी उरलेले हजारही बाहेर राहिले असते.

पानांचं कंट्रोल इथे मदतीला येत नाही. ते नोंदींची पानं पाडतं, नोंदीच्या आतल्या मूल्यांची नाही. रेंजचा फेरा लिहिण्यापेक्षा प्रश्न उलटा विचारणं सोपं पडलं: ज्यांच्या 'मेंबर ऑफ'मध्ये हा गट आहे ते विद्यार्थी शोधा. मग उत्तर पुन्हा नोंदींचं होतं आणि पानांचाच फेरा चालतो. यात एक पळवाट माहीत असलेली बरी. एखाद्याचा प्राथमिक गटच 'ग्रंथालय' केलेला असेल तर तो 'मेंबर ऑफ'मध्ये दिसत नाही. इथे सगळ्यांचा प्राथमिक गट मुळातला 'डोमेन यूजर्स'च होता, म्हणून अडलं नाही.

अर्ध्या वाटेत लाइन गेली तर

नांदेडच्या अभ्यासिकेचं फाटक वेगळं आहे आणि तिथे याच प्रोग्रामची दुसरी प्रत चालते. नवा कोड तिथे बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात तो मध्येच कोड १२ घेऊन थांबला: अत्यावश्यक विस्तार उपलब्ध नाही. लातूरला तेच कंट्रोल चालत होतं, मग इथे उपलब्ध कसं नाही?

प्रोग्रामची लॉग फाइल पाहिल्यावर उलगडलं. पानं आणत असताना लाइन क्षणभर तुटली. कनेक्शन पुन्हा जोडण्याचा जुना भाग प्रोग्राममध्ये होता, त्याने इमानाने परत जोडलं, या वेळी दुसऱ्या कंट्रोलरशी, आणि हातातली कुकी पुढे केली. ज्या सर्व्हरने ज्या जोडणीवर कुकी दिली तिथेच तिचा उपयोग असतो. अनोळखी कुकी पाहून या सर्व्हरने कंट्रोलच नाकारलं. मोठ्या आवाजात नाकारलं हे नशीब.

उपाय दोन ओळींचा झाला. कंट्रोलर सुरुवातीलाच निवडून पक्का धरायचा, आणि जोडणी तुटली तर जमा केलेलं टाकून पहिल्या पानापासून सुरुवात. वीसेक पानांच्या यादीसाठी 'जिथे थांबलो तिथून पुढे' हा हुशारपणा करण्यासारखं काही नाही.

कार्ड बंद करण्याआधी

पानांचा फेरा बरोबर झाला तरी यादीवर डोळे झाकून भरवसा ठेवायचा नाही असं ठरलं. पानं आणताना डिरेक्टरी थांबून राहत नाही. मध्येच कुणाचं खातं एका विभागातून दुसरीकडे हलवलं तर ते एखाद्या वेळी सुटू शकतं. म्हणून नोंदी तात्पुरत्या तक्त्यात जमतात आणि कुकी रिकामी येऊन कोड शून्य मिळाल्यावरच फाटकाची यादी बदलते. सलग दोन रात्री न दिसलेल्याचंच कार्ड बंद होतं. आणि एका रात्रीत चालू कार्डांपैकी पाच टक्क्यांहून जास्त बंद व्हायची वेळ आली, तर प्रोग्राम एकही बंद करत नाही; ग्रंथपाल मॅडमना आणि लॅबच्या सरांना संदेश जातो.

पाच टक्के हा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. मॅडमनी विचारलं, "मग निकाल लागल्यावर शेवटच्या वर्षाची सगळी पोरं एकदम निघतात त्याचं काय?" बरोबरच होतं. त्या दिवसांसाठी एक बटण ठेवलं आहे: किती कार्डं बंद होणार हे दाखवतं, मॅडम बघतात, मंजुरी देतात, मग बंद होतात. ते '@' चिन्हही काढलं. वॉर्निंग आता फाइलमध्ये जातात.

एक आडवाटेची गोष्ट सांगून टाकतो, कारण चाचणीची छोटी डिरेक्टरी ओपनएलडॅप या वेगळ्या डिरेक्टरी सर्व्हरवर होती. तिथली मूळ मर्यादा ५०० नोंदींची, आणि पानं मागितली म्हणून ती ओलांडता येत नाही: सगळी पानं मिळून पाचशेच, मग कोड ४. वाढवायची तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्या खात्याला वेगळी मर्यादा द्यावी लागते. पण चाचणी करणारा बहुधा 'रूटडीएन'ने म्हणजे सर्वाधिकारी खात्याने जोडतो, आणि त्याला या मर्यादा लागूच होत नाहीत. चाचणीत दोन हजार बनावट विद्यार्थी भरून नवा कोड तपासताना हेच झालं: रूटडीएनने सगळे आले, प्रोग्रामच्या साध्या खात्याने पाचशेवर अडलं. चाचणी साध्या खात्यानेच करायची, हे तेव्हा पक्कं झालं.

रोज सगळी यादी आणण्यापेक्षा फक्त बदललेल्या नोंदी आणाव्यात का, याचाही विचार झाला. 'यूएसएन चेंज्ड' या गुणधर्मावरून ते जमतं, पण तो आकडा प्रत्येक कंट्रोलरचा स्वतंत्र असतो. लातूरचा आकडा नांदेडला दाखवून काही कळत नाही. शिवाय पुसलेली खाती वेगळ्या कंट्रोलने शोधावी लागतात. लाखभर खाती असती तर हा खटाटोप केला असता. साडेनऊ हजारांची वीसेक पानं रात्री काही मिनिटांत येतात, तिथे तो सोडून दिला.

पूर्ण यादी येऊ लागल्यावर एक जुनं काम वर आलं आहे. पास होऊन गेलेल्यांची खाती डिरेक्टरीत चालूच होती, त्यामुळे त्यांची कार्डंही चालू झाली. फिल्टरमध्ये बंद खाती वगळायची अट घातलेली आहे, 'यूजर अकाउंट कंट्रोल'मधला २ चा बिट तपासून, पण आधी कुणीतरी ती खाती बंद करायला हवीत. कोणाची बंद करायची हे कार्यालय सांगणार, कार्यालयाला ते परीक्षा विभागाकडून कळणार. उदगीर आणि अंबाजोगाईच्या याद्या आल्या आहेत. लातूरची अजून अधीक्षकांच्या टेबलावर आहे.